पाणी कसं?

मोहना कळशी घेऊन दारात उभी होती आणि आत येत नव्हती.

तिच्या अंगावर खताच्या गोणीची खोळ होती. खोळीच्या कडेनं पाणी गळून उंबरठ्यात थारोळं झालं होतं. बाहेर पाऊस असा, की समोरचं बुधाकाकाचं घर दिसत नव्हतं. नुसता त्याच्या शेळ्यांचा आवाज येत होता.

"अगं ये की आत," सोमीआजी म्हणाली. "पाटा मांडून बसलेय कवाची. का सटवीनं येऊन तुझा हात धरायचा?"

मोहना हसली नाही. ती माझी नणंद, दहावीला होती, आणि एरवी तिच्या जिभेला उसंत नसायची. त्या दिवशी ती कळशीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून नुसती माझ्याकडे बघत होती.

मी बाजेवर होते. बाजेखाली शेगडी आणि पोलक्याच्या आत, छातीच्या कातड्याला लावलेली माझी पोर. तिचा पाचवा दिवस होता. जन्मली तेव्हा इतकी लहान, की दवाखान्यातल्या सिस्टरनी तराजूकडं दोनदा पाहिलं. घरी सोडताना त्या म्हणाल्या होत्या, "हिला पाळण्यात टाकायचं नाही, बाई. तूच हिचा पाळणा. अंगाला अंग लावून ठेव. एकदा का ही गार पडली, तर मग मला बोलवूच नकोस." कडक बोलायच्या, पण बोलताना पोरीच्या डोक्यावरचं टोपरं नीट करत होत्या.

तेव्हापासून मी झोपत नव्हते. सारखी बोटानं तिचे तळपाय चाचपायचे. ऊब लागली की श्वास सोडायचा, पुन्हा थोड्या वेळानं चाचपायचे. माझा नवरा किसन ट्रकवर होता, कांदा घेऊन गुजरातला गेला होता आणि पुरात तिकडंच अडकला होता. घरात सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, मोहना आणि मी. आणि पाच दिवसांपुरती सोमीआजी. माझी ही अडली म्हणून दवाखान्यात नेली, नाही तर बिबवाडीतलं प्रत्येक पोर तिच्याच हातावर पडलेलं.

आम्हा ठाकरांची ती वाडी डोंगराच्या कुशीत होती. आमच्यात पाचव्या दिवशी सटवी येऊन पोराच्या कपाळावर लिहून जाते. त्याआधी आईला आणि बाळाला वरच्या आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या झऱ्याचं पाणी लावायचं. एरवी त्या झऱ्यावर आता कोणी जात नव्हतं. वाडीत नळ आला होता. जन्म, लग्न आणि मरण, एवढ्यापुरतीच ती वाट उरली होती, आणि मधल्या दिवसांत तिच्यावर रान माजायचं.

पाणी आणलं की बाळंतिणीनं विचारायचं आणि आणणारीनं सांगायचं. सगळ्या बायकांना ते पाठ. "पाणी कसं?" "निवळ." "मग ऱ्हावं?" "ऱ्हावा." लग्नात नाव घेतात तसं ते पटकन म्हणून टाकायचं, हसायचं आणि पाणी ओतायचं.

"विचार की गं," सोमीआजीनं मला कोपरानं ढोसलं. "मान मोडंल तिची."

मी विचारलं, "पाणी कसं?"

मोहनानं कळशी आणखी घट्ट धरली.

"निवळ म्हण, बाय. इंग्रजीत म्हणायचं नाय, मराठीतच हाय."

"निवळ नाय," मोहना म्हणाली.

ती आत आली आणि कळशी पाट्याजवळ ठेवली. मी बाजेवरून वाकून पाहिलं. नाचणीची आंबील असते तसं दाट, लालसर पाणी. वर पांढरे दोरे तरंगत होते. सोमीआजीनं एक बोटावर घेतला. मूळ होतं ते, बारीक, ओलं, नुकतं तुटलेलं.

"वाटेवरचं पाणी मिसळलं असंल," आजी म्हणाली.

"नाय आजी. वरून नाय आलं. मी बघितलं ना. दगडाच्या खालून येतंय, फुगत फुगत. आधी थांबतंय, मग एकदम उसळतंय. आणि..." ती माझ्याकडं वळली. "वैनी, आतून आवाज येतोय. जात्याचा येतो तसा."

एवढ्यात मामा आले. हातात खैराच्या कोळशांची पाटी होती. शेगडी ते दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. सासूबाई गेल्यापासून घरात बाईमाणसाची कामं ते लाजत लाजत करायचे, पण शेगडी मात्र मिरवत करायचे. नातीसाठी गुडघ्यावर बसून फुंकर घालायचे, डोळे लाल व्हायचे.

"काय मिटिंग भरली?" ते म्हणाले. मोहनानं कळशी दाखवली.

मामांनी पाहिलं आणि हसले. "पावसाळ्यात झऱ्याला गढूळ नाय तर काय दूध यायचं? मोहने, तांब्या आण." ते पडवीतल्या नळाखाली तांब्या भरून घेऊन आले आणि उजेडात धरला. "हे बघा. काचेवानी. याच्यानं घाला अंघोळ."

"नळाला विचारत नायती, नवसू," सोमीआजी म्हणाली.

"मग आज विचारा. नळा नळा, पाणी कसं? निवळ! मग ऱ्हावं? ऱ्हावा!" त्यांनी मान डोलावून असं केलं, की मलाही हसू आलं. आजी हसली नाही.

त्या नळाचं पाणी वरच्या सड्यावरून यायचं. सडा म्हणजे डोंगराचं सपाट डोकं. तिथं आमच्या कोणी कधी नांगर नेला नव्हता. कुऱ्हाडही न्यायची नाही, गवत कापायचं ते दिवाळीतली वाघबारस झाल्यावर, आणि वर चढायचं तर अनवाणी. का, ते कोणी सांगत नसे. नाही म्हणजे नाही. मग शहरातली माणसं आली. त्यांना तिथं बंगल्यांची वस्ती करायची होती. वाडीच्या बैठकीत मामांनीच पुढं होऊन सगळ्यांना राजी केलं होतं. म्हणाले, पोरीबाळींनी किती पिढ्या डोक्यावर पाणी वाहायचं? त्यांचंही खोटं नव्हतं. पहिला अंगठा त्यांचा पडला. वर जेसीबी चढला, अंजनाची आणि हिरड्याची झाडं गेली, मोठं तळं खोदून त्यात काळा कागद अंथरला. त्या तळ्यातून वाडीला नळ मिळाला. नळ सुटला त्या दिवशी मामांनी गूळ वाटला होता.

"दार लोट, वारा येतोय पोरीला," मामा म्हणाले.

मोहनानं दार ओढलं. लागेना. मामांनी खांदा लावला. सकाळी मी स्वतः पाहिलं होतं, त्या दाराला आजीनं नुसत्या पायानं लोटून कडी घातली होती. आता खालचा कोपरा जमिनीत रुतून बसत होता आणि वर बोटभर फट राहत होती.

"लाकूड फुगलंय," मामा म्हणाले. पण ते दाराकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग फटीत गोणपाट कोंबायला लागले.

"आजी," मी हळूच विचारलं, "गढूळ आलं तर पुढं काय म्हणायचं असतं?"

सोमीआजी आठवायला लागली. एवढ्या बाळंतपणांत तिला ते कधी लागलंच नव्हतं. ती स्वतःशी पुटपुटत मागं गेली, तिची सासू, सासूची सासू. "पुढचं तेच असंल," ती म्हणाली. "तू तेच विचारायचं. उत्तर तिनं द्यायचं."

मला विचारायचं नव्हतं. पोर छातीवर चिमणीसारखी धडधडत होती. विचारलं नाही, तर बरं होईल असं वाटत होतं.

"मग ऱ्हावं?" मी विचारलं.

मोहनानं बापाच्या पाठीकडं पाहिलं. 

"नको, वैनी," ती म्हणाली.

मामा गर्रकन वळले. "काय नको? काय नको गं? ह्या पावसात ओली बाळंतीण बाहेर काढती? सिस्टर काय बोलली, कानात बोळे होते काय? पोर एक घटका भिजली तर संपली!" त्यांचा आवाज चिरकला. एवढं मोठ्यानं ते कधी बोलत नसत. "इंदू, तू पडून ऱ्हा. ही खुळी हाय."

मी पडून राहिले. काय करणार होते? ते म्हणत होते ते खरंच होतं. बाहेर नेलं तर थंडी तिला खाईल, हे मला दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, जिनं शेकड्यांनी पोरं पाहिली होती. आत राहिलं तर काय होईल हे कोणीच सांगत नव्हतं. एक कळशी सांगत होती आणि एक घाबरलेली पोरगी.

सोमीआजीनं नाइलाजानं पाटा पुढं ओढला. पाट्यावर तांदळाची रास घातली, हळद-कुंकू वाहिलं, दिवा लावला आणि सटवी म्हणून वरवंटा आडवा ठेवला. दिव्यात तेल घालायला ती वळली.

वरवंटा हलला.

सावकाश, अगदी कोणीतरी बोट लावल्यासारखा, तो तांदळावरून घसरला, पाट्याच्या कडेपर्यंत गेला आणि जमिनीवर पडून भिंतीकडं गडगडत गेला. डोंगराच्या बाजूच्या नाही, उताराच्या बाजूच्या. आजीनं तो उचलला, पुसला आणि पुन्हा ठेवला. हात काढला नाही. मग हळूच काढला. तो पुन्हा गेला.

आमची नजरानजर झाली. त्या म्हातारीच्या डोळ्यांत भीती मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या बाळंतपणात पोर अडली होती तेव्हाही ती शांत होती, तोंडात सुपारी होती. आता तिच्या तोंडातली सुपारी थांबली होती.

मी पाय खाली टाकले.

"इंदू!" मामा ओरडले. "उंबरठा ओलांडू नको! साऱ्या वाडीच्या चुली विझवाव्या लागतील!"

तो आमच्यातला नेम होता. पाचवी व्हायच्या आत बाळंतीण घराबाहेर पडली, तर सगळ्या वाडीला विटाळ. मग घरोघरच्या चुली पाण्यानं विझवायच्या, घरात कोणी थांबायचं नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी वहाळापलीकडं म्हसोबाच्या थानावर जायचं. तिथं चकमकीनं नवा विस्तव पाडायचा आणि तोच घरोघर आणायचा. माझ्या सासूच्या हयातीत असं एकदाही झालं नव्हतं. पोरींना घाबरवायला म्हाताऱ्या हे सांगायच्या. घराबाहेर डोकावलीस तर वाडी उपाशी राहील, आणि सगळ्या तुझ्याच नावानं बोटं मोडतील.

मी उंबरठ्यापाशी उभी राहिले. पोटातून कळ आली. पोलक्याच्या आत हात घालून मी तिचे तळपाय धरले. ऊब होती. मोहनानं स्वतःची खोळ काढून माझ्या डोक्यावरून घातली, ती छातीवर दोन्ही बाजूंनी ओढून घेतली, आणि मी पाय बाहेर टाकला.

गार पाणी घोट्यापर्यंत आलं. पोर दचकली. माझ्या मागून सोमीआजी बाहेर पडली आणि अंगणात उभी राहून तिनं अशी हाक घातली, की मला अजून ती ऐकू येते.

"बाळंतीण भाईर पडली! चुली विझवा रं! बाळंतीण भाईर पडली!"

दारं उघडली. आधी शिव्या आल्या. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला चढली. मग लोकांनी मला पाहिलं, पावसात अनवाणी, खोळीखाली पोट धरून.  चुलींवर पाणी ओतल्याचा चर्रर्र आवाज एका घरातून दुसऱ्या घरात गेला. कौलांतून पांढरा धूर निघाला आणि पावसानं तो खाली दाबला.

बुधाकाका शेळ्या सोडून, कडेवर धाकटा नातू घेऊन आला. "इंदू, लेकी, भाकर तव्यावर होती गं माझी," तो म्हणाला. "एक बाजू झाली होती."

"दुसरी बाजू म्हसोबाला भाज," सोमीआजी म्हणाली. "चल फुडं."

वाट सरळ खाली वहाळापर्यंत जायची. मी कशी चालले मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझं सगळं लक्ष माझ्या दोन बोटांच्या टोकांत होतं, जिथं तिचे तळपाय होते. एका बाजूनं मोहना धरून होती. निघताना तिनं पाट्याजवळची ती लाल पाण्याची कळशी पुन्हा डोक्यावर घेतली होती. राहू दे म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं तिला. मामा मागून येत होते, एका हातात माझी गोधडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि सगळी वाट बडबडत होते. "एका म्हातारीच्या नादानं... पोरीला काय झालं तर मी सोडणार नाय कोणाला..."

वहाळापाशी आलो आणि सगळे थांबले. त्या पावसात तिथं माणूस बुडेल एवढं पाणी हवं होतं. ते गुडघ्याएवढं होतं. मधले दगड उघडे पडले होते, त्यांच्यावर शेवाळ चमकत होतं.

"बघा, म्हसोबानं वाट दिली," कोणी तरी बाई म्हणाली आणि हात जोडले.

बुधाकाकानं वर डोंगराकडं पाहिलं. ढगांत काही दिसत नव्हतं. "वर कुठं तरी अडलंय," तो पुटपुटला आणि मग ओरडला, "पळा!"

म्हसोबाच्या थानावर चार खांबांवर पत्रा होता. बायका-पोरं त्याच्याखाली दाटली, बाप्ये बाहेर पावसात. मी खांबाला टेकून बसले आणि पोलक्यात हात घातला.

तळपाय गार होते.

मी ते हातात चोळले. मी पोरीला वर काढलं, तिचं तोंड माझ्या छातीला लावलं. तिनं ओठ हलवले नाहीत. ओठांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. "आजी," मी म्हणाले.  "आजी, ही ओढत नाही."

मामांनी वाकून पाहिलं. त्यांनी आपलं जाड, कोळशानं काळं झालेलं बोट तिच्या तळपायाला लावलं आणि तसंच राहू दिलं. बडबड थांबली होती. माझ्याकडं बघायला ते तयार नव्हते.

"शेगडी आणतो," ते म्हणाले. "मघाशीच भरली होती. निखारे असतील."

"विझल्या घरातला विस्तव आणायचा नसतो, नवसू," सोमीआजी म्हणाली.

"ती चूल नाय. शेगडी हाय." ते उठले. "शेगडीचं कोणी काय सांगितलेलं नाय."

"मामा, नको," मी म्हणाले. मोहनानं त्यांचा सदरा धरला. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तिच्या लहानपणी सोडवत असतील तशी, हसत.

"आलोच. येताना उतारच हाय. इंदू, तू तिला छातीवरून काढू नको."

ते वहाळ ओलांडून गेले. त्यांचं डोकं वाटेच्या वळणावर एकदा दिसलं.

मी त्यानंतर त्या बाजूला पाहत नव्हते, पोरीकडं पाहत होते. म्हणून मला आधी काही दिसलं नाही. आधी शेळ्या गप्प झाल्या. मग पायाखालची जमीन बैलानं अंग झाडावं तशी थरकली. मी मान वर केली तेव्हा ढग जरा उठले होते आणि डोंगरावरची झाडं चालत येत होती. उभीच्या उभी. बिब्ब्याची, आंब्याची, सगळी एका रांगेत, जशी काही वरात. आणि त्यांच्या मागं डोंगर नव्हताच.

किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. ते थांबलं तेव्हा इतकी शांतता झाली, की पत्र्यावरचा पाऊस मोठ्यानं वाजायला लागला. ओल्या मातीचा आणि तुटलेल्या मुळांचा वास आला. समोर बिबवाडी होती तिथं लाल चिखलाचा उतार होता, नवाच, गुळगुळीत. एकही कौल दिसत नव्हतं.

मोहना धावत सुटली. बुधाकाकानं तिला कमरेला धरून पाडलं आणि तिच्यावर बसून राहिला. ती "बा, बा" म्हणून त्याला चावत होती. तो रडत होता आणि सोडत नव्हता.

मी उठले नाही. त्यांनी सांगितलं होतं, छातीवरून काढू नको.

सोमीआजीनं बायकांना हाका मारल्या. "या इकडं. रडणं मग. आधी इकडं या." तिनं आपलं ओलं लुगडं बाजूला टाकलं आणि माझ्या पाठीला आपली उघडी पाठ लावून बसली. दुसरी बाई बाजूनं आली, तिसरी समोरून. ज्यांच्या घराचा मागमूस राहिला नव्हता, त्या बायका माझ्याभोवती अंगाला अंग लावून बसल्या, जशा मेंढ्या बसतात. त्यांच्या श्वासांची वाफ झाली. त्या हुंदके देत होत्या, आणि त्यांचं हलणं माझ्या अंगातून माझ्या पोरीच्या अंगात जात होतं. मी डोळे मिटून तिचे तळपाय धरले होते. गार. गार. गार. मग मला वाटलं, गार नाहीत. मग वाटलं, तसं मला वाटतंय. मग तिनं तोंड उघडलं, माझ्या छातीवर चाचपलं आणि धरलं.

अंधारायच्या आत पाऊस थोडा कमी झाला. मोहना खांबाशी पडून होती, डोळे उघडे. तिच्याजवळ कळशी तशीच उभी होती. सोमीआजीनं तीत डोकावून पाहिलं आणि मला बोलावलं.

गाळ तळाशी बसला होता. वर ओंजळभर पाणी निवळलं होतं.

आजीनं ते हलू न देता हातानं उचललं, पोरीच्या कपाळाला लावलं, तळपायांना लावलं. पाटा नव्हता, वरवंटा नव्हता. म्हसोबाच्या दगडापुढंच तिनं डोकं टेकलं. "लिही बाई," ती सटवीला म्हणाली, "तुला दिसंल तसं लिही. दिवा काय आमच्याकडं नाय."

मामा सापडले नाहीत. खूप दिवस शोधलं. नंतर साहेब लोक आले, म्हणाले, अतिवृष्टी. सोमीआजीनं त्यांना एकच विचारलं, की पाऊस तर पलीकडच्या टेकाडावरही तेवढाच पडला, तिथला म्हसोबा का नाही हलला? त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडं वळले.

आता आम्ही सपाटीवर राहतो. पत्र्याची घरं आहेत, ओळीनं, सगळ्यांच्या दाराला सारखा रंग. दार नीट लागतं. तरी मी रोज सकाळी पायानं लोटून बघते. माझी पोर, तेजल, तिसरीत जाते. अंगानं अजून बारीकच आहे, पण थंडीत उघडी फिरते आणि मी ओरडले की हसते. गेल्या आठवड्यात तिला भाऊ झाला. तो आणि ती झोपलेत, किसन ट्रकवर आहे, तेवढ्यात हे लिहून काढते. त्यांना जाग आली की राहून जाईल.

काल त्याची पाचवी होती. सोमीआजीला आता दिसत नाही, पण पाटा तिनंच मांडला. किसन म्हणाला, पाणी नळाचं घ्या, इथं कुठला झरा? मोहनानं आधीच पदर खोचला होता. ती सासरहून त्यासाठीच आली होती. तिनं तेजलला उठवलं, कळशी दिली आणि दोघी टेकडीकडं गेल्या. टेकडीला पलीकडच्या अंगानं एक ओघळ आहे, तिथं दगडातून पाणी पाझरतं. कोणाच्या ध्यानात नव्हतं ते. मोहनानं शोधून ठेवलं होतं.

मी बाजेवर बसून होते. बाजेच्या पायाशी गाठोडं होतं. त्यात कोरडी गोधडी, बाळाचं टोपरं आणि काडेपेटी प्लास्टिकमध्ये. ते मी सकाळीच बांधलं होतं. आजीच्या हाताला ते लागलं तेव्हा ती म्हणाली, "हे बरं केलंस."

तेजल दारात आली. कळशी तिच्या डोक्यापेक्षा मोठी.

"पाणी कसं?" मी विचारलं. 

तिला उत्तर पाठ होतं, मोहनानं वाटेत पाठ करून घेतलं असणार. पण तिनं ते लगेच म्हटलं नाही. कळशी खाली ठेवली. गुडघ्यांवर बसून आत पाहिलं, हात घातला, तळाला बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. मी बाळाचे तळपाय धरले होते. सोमीआजीची सुपारी थांबली होती.

"निवळ," तेजल म्हणाली.

"मग ऱ्हावं?"

तिनं थोडा विचार केला.

"ऱ्हावा," ती म्हणाली. "आजच्यापुरतं."